सुमनकाकूंची गाडी आणि माझा तीसचा आकडा

हे मी कोणाला सांगायचं नव्हतं. सुमनकाकूंनी तसं वचनच घेतलं होतं. पण एवढा मोठा घोटाळा पोटात ठेवून दहावीचा अभ्यास तरी कसा होणार? म्हणून सांगते. तुम्ही मात्र पुढे बोलू नका.

सिरसाळ्याला आमच्या अप्पांचं गॅरेज आहे. अप्पा नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतात. पण नव्या गाड्यांना लॅपटॉप जोडावा लागतो. स्टेअरिंगखाली वायर खुपसायची की गाडीची सगळी कुंडली पडद्यावर! ती असते इंग्रजीत. म्हणून वाचायला मी.

त्या दिवशी गावचे पुढारी असलेल्या तात्यांची मोठी पांढरी गाडी आली होती. गावचं सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव, म्हणून उमेदवार त्यांच्या बायको, सुमनकाकू. परळीला अर्ज द्यायचा शेवटचा दिवस, तीनच्या आत.

अप्पा आणि तात्या चहाला गेले, तशा गाडीत बसलेल्या काकू माझ्याजवळ सरकल्या.

"मने, हे गाडी लई पळवतेत गं. माझा जीव घशाला येतो. तुझ्या त्या डब्यातून जरा हळू करून ठिव. पन माझं नाव सांगू नको, बरं का!"

किती हळू? एवढंच विचारायचं होतं. पण मला मोठ्या माणसांना प्रश्न विचारायचा म्हणजे घाम फुटतो. मी मान डोलावली, सर्वांत जास्त वेगाचा रकाना शोधला आणि तिथे सुबकपणे टाइप केलं: तीस.

गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्तावर सव्वादोनला ताफा निघाला. पुढे तात्यांची गाडी, मागे पंधरा गाड्या. परळी पंचवीस किलोमीटर.

दहाच मिनिटांत अप्पांचा फोन वाजला.

"मिस्तरी, काय करून ठिवलं बे? काटा तीसच्या म्होरं सरकंना!"

"डिझेलचा पंप धरला असंल, तात्या. आलो!"

पंप कसला? अप्पांनी मला आणि लॅपटॉपला मोटारसायकलवर बसवलं आणि अशी पळवली की काय सांगू! ताफ्याचं शेपूट गाठेपर्यंत मी डोळे मिटून अप्पांना घट्ट धरून बसले. नेत्याच्या गाडीच्या पुढे जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे पंधराच्या पंधरा गाड्या वरातीसारख्या रांगत होत्या. रस्त्याकडेचे लोक कौतुकाने हात जोडत होते. एक मोपेडवाला तेवढा पुढे गेला, आणि वळून त्यानेही नमस्कार केला!

"ओ मिस्तरी, तात्याच्या म्होरं जाऊ नगा!" गाड्यांतून पोरं ओरडली.

"अप्पा, मी केलंय," मी पुटपुटले.

"काय?"

"मी केलंय!"

"वाऱ्यात ऐकू येईना, मने!"

मग मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "गाडीऽ मीच हळू केलीय!" तेव्हा आम्ही नेमके तात्यांच्या उघड्या खिडकीशेजारी होतो.

ताफा थांबला. तात्या खाली उतरले. दोन चाळीस झाले होते, निम्मा रस्ता बाकी होता. वायर जोडली तर लॅपटॉप म्हणाला, दहा मिनिटं थांबा.

"दुसऱ्याच्या गाडीत जावा की," अप्पा म्हणाले.

"उमेदवार स्वतःची गाडी सोडून दुसऱ्याच्या गाडीत? लोकं काय म्हणतील?" तात्या म्हणाले.

"अन् अर्ज ऱ्हायला तर काय म्हणतील?" काकू आतून कडाडल्या. पदर खोचला, फाईल छातीशी धरली आणि थेट अप्पांच्या मागे बसल्या. "पळवा, मिस्तरी! लागंल तेवढी पळवा!"

धुरळा! आणि रस्त्यावर उरले मी, तात्या आणि पंधरा गाड्यांतली माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती.

"कावून केलं गं?" तात्यांनी विचारलं.

काकूंचं नाव सांगायचं नव्हतं. "तुम्ही... लई पळवता," मी म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. तात्या लाल झाले, पण शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

तीनला पाच कमी असताना अर्ज पोचला. ते कळवणारा फोन आला, तेव्हा मी लॅपटॉपवरचा तीसचा आकडा नुकताच पुसला होता. काकू आणि अप्पा परत आले तेव्हा गाडी दुरुस्त होऊन समोर उभी होती, तरी काकू म्हणाल्या, "मी मिस्तरीच्या मागंच बसते. ह्यांची गाडी लई हळू हाय!"

आणि मला बाजूला घेऊन, "अगं येडे, शंभराची ऐंशी करायची होती! तीस कुठून आणलं?"

आता काय सांगणार? अप्पांच्या मागे बसल्यावर तीसच्या वर मला स्वतःलाच मळमळतं. माझ्या पोटाचा आकडा मी सरपंचपदाच्या उमेदवाराला लावला होता!

तेव्हापासून मी शहाणी झालेय. कुठलंही बटण दाबायच्या आधी विचारते. फक्त ते इतक्या हळू आवाजात विचारते, की समोरच्या माणसाला...

"मने! पाव्हण्याची गाडी आलीय, लॅपटॉप आण!"

आले, अप्पा! तर सांगत होते, की समोरच्याला वाटतं मी नुसतीच मान डोलावतेय!