ढोलकीचा डावा हात

तबकडी संपली, सुई खरखरू लागली, की मामा डोळे न उघडता म्हणत, “परत लावा.” दुसऱ्यांदा संपली की पुन्हा, “परत लावा.” तिसऱ्या खेपेनंतर मुंडासं डोक्यावर चढवीत. तोवर मत विचारायचं नाही, असा आमच्यात अलिखित नियम होता.

पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्या पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. मी अशाच एका कारखान्यात कारकून होतो आणि पुण्याच्या एका साप्ताहिकात लोकगीतांच्या नव्या तबकड्यांवर परीक्षणं लिहीत असे. परीक्षणं कसली, चार जड शब्द एकमेकांना टेकवून उभे करायचे. मामा आमच्या फाटकावर पहारेकरी. चाकणच्या पलीकडच्या खेड्यातले. ऐन उमेदीत तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेली. माझ्याकडे चावीचा ग्रामोफोन आहे हे कळल्यावर एका रविवारी आपणहून आले, ते येतच राहिले.

एकदा लावणीची नवी तबकडी आली. गाणाऱ्या बाईची पुण्यात वाहवा झाली होती, ढोलकीवाल्याला मात्र साऱ्यांनी झोडपलं होतं. ‘साथ लंगडी’ असं मीही लिहून ठेवलं होतं. मामांनी तबकडी तीनदा ऐकली. मग पहिल्यांदाच चौथ्यांदा लावायला सांगितली.

“ह्या गड्याचा डावा हात गेलाय,” ते म्हणाले.

“म्हणजे कच्चा आहे?”

“कच्चा न्हाई, दुखावलाय. घुमारा मनगटातनं येत न्हाई, कोपरातनं येतोय. लई सोसून वाजवतोय, भाऊ. पर ठेका एका जागी सोडला न्हाई बघा.”

मी पुन्हा कान देऊन ऐकलं. मला नुसती ढोलकी ऐकू आली. तरी माझं वाक्य मी खोडलं आणि मामांचं म्हणणं, एका जाणत्या श्रोत्याचं म्हणून, तसंच छापायला दिलं.

तीन आठवड्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावरून एक पोस्टकार्ड माझ्याकडे आलं. ढोलकीवाल्याचं. बैलगाडीवरून पडून मनगट मोडलं होतं. काम जाईल म्हणून त्यानं ते कंपनीवाल्यांपासून लपवलं होतं, गाणाऱ्या बाईलाही सांगितलं नव्हतं. खाली एकच ओळ होती : ‘आपणांस हे कोणी सांगितले?’

मी माझ्या खोलीचा पत्ता कळवला. पुढच्या रविवारी तो ढोलकी पाठीला बांधून चिंचवडला उतरला. मामांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हात हातात घेऊन मनगट चाचपलं.

“हाड बसवलं कुनी? वाकडं बसलंय.” मग त्याच्या डाव्या अंगाला खेटून बसले. “तुमी उजवा धरा. ह्यो आपल्याकडं.”

दोघांच्या मांड्यांवर मिळून एक ढोलकी. एकमेकांना कधी न पाहिलेली दोन माणसं. मी पहिल्या आवर्तनात गडबड होण्याची वाट पाहत होतो. ती झाली नाही. दुसऱ्यात लय चढली, तिसऱ्यात मी खिडकीकडे तोंड करून बसलो. कान सांगत होते की वाजवणारा एकच आहे. वळून पाहायचं धाडसच होईना. मंडळी, आयुष्यात पुढं मी मोठमोठ्या मैफली ऐकल्या, पण असं अंग शहारलेलं मला आठवत नाही.

थांबल्यावर ढोलकीवाल्यानं आपलं डावं मनगट उजव्या हातात धरलं. “माझा हात ऐकू आला मला,” एवढंच बोलला.

मामा अवघडले. “दुपारपाळी हाय माजी,” म्हणत उठले आणि मुंडासं हातातच घेऊन गेले.

पुढच्या वर्षी गावी तापानं ते वारले. मी भेटायला गेलो तेव्हा मामींनी घोंगडं अंथरलं, पाणी दिलं.

“सुट्टीला आले की तुमचंच सांगायचे,” त्या म्हणाल्या. “म्हनायचे, भाऊंकडं साताऱ्याकडची एक बाई भेटली, लई मानी हाय. येकदा म्हनं, एक म्हातारा भेटला, खोकला दाबून गात हुता. तुमच्याकडं लई पावणे येत्यात, न्हवं?”

मी मान हलवून हो म्हणालो. चिंचवडच्या त्या खोलीत माझ्या तबकड्या सोडल्या तर मी एकटाच राहत होतो.