सात नंबरच्या जिनवरचे तीन ठोके

आधीच सांगून टाकते, मी अंगारे-धुपारेवाली नाही. आमची आई दर अमावास्येला माझ्या स्कूटीला लिंबू-मिरची बांधते आणि मी ती पुढच्या चौकात काढून टाकते... हे तिला अजून माहीत नाही. इथले अनुभव मी चवीने वाचते, पण वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न येतो – वायरिंग तपासलं होतं का? तर मंडळी, आता माझी पाळी. वायरिंग तपासलं होतं. चारदा तपासलं होतं.

मी देऊळघाटची. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, सहा वर्षं पुण्यात नोकरी केली. तिथे मी 'मले' म्हटलं की अख्खी मीटिंग हसायची. कंटाळून बुलढाण्याला परत आले आणि स्वतःचा धंदा टाकला. धंदा काय, तर जुन्या मशीनला सेन्सर लावून तिला नेटवर्कवर आणायचं. काडेपेटीएवढी डबी असते. ती मशीनच्या बेअरिंगवर चिकटवायची. ती मशीनची थरथर मोजते, ताप मोजते, आणि वायरलेसने केबिनमध्ये कळवते. तिथे टॅबलेटवर सगळं दिसतं. बेअरिंग जळायच्या दोन-चार दिवस आधीच कळतं की बाई, इथे काहीतरी बिघडतंय.

गुलाबी बोंडअळीने आमच्याकडची बीटी कपाशी पोखरून काढली, त्याच्या पुढच्या सीझनची ही गोष्ट. मोताळा तालुक्यात, रोहिणखेडपासून पाच-सहा किलोमीटरवर एक जुनी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, आहे. नाव सांगत नाही, मालकांना आवडायचं नाही. मालकांना आपण वसंतभाऊ म्हणू. बीटी नवी नवी आली तेव्हा त्यांच्या बाराही जिन दिवाळीपासून होळीपर्यंत थांबत नव्हत्या, इतका कापूस यायचा. आता आठच चालत होत्या. नव्या मशीन घ्यायची ऐपत नाही, आणि आहेत त्या मेल्या तर जिनिंगला कुलूप. म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मशीन पाहिल्या आणि मी प्रेमातच पडले, खोटं कशाला बोलू. बिडाच्या भरभक्कम, माझ्या वडलांपेक्षा वयाने मोठ्या. प्रत्येक जिनमध्ये दोन चामड्याचे रोलर. ते कापूस आत ओढतात, तिथे सुरी असते, रुई एकीकडे पडते आणि सरकी दुसरीकडे. बाराही जिन जमिनीखालून जाणाऱ्या एकाच लांब शाफ्टवर. मोटर सुरू झाली की शाफ्ट फिरतो, आणि पट्ट्यांवरून सगळ्या जिन एकदम चालू होतात. एक-एक वेगळी चालू करायची सोय नाही. हे नीट लक्षात ठेवा.

तिथले मिस्त्री गफूरचाचा. रोहिणखेडचे, साठीच्या पुढचे. तीस-पस्तीस वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे कान जवळजवळ गेलेले. मशीन कशी आहे ते तळहात टेकवून ओळखायचे. मला वाटलं होतं हा म्हातारा माझ्या डब्यांवर चिडणार. पण पहिल्याच दिवशी चार नंबरला हात लावून म्हणाले, "हे खोकलून राह्यली. पाह्य बरं तुह्या डबीत." मी टॅबलेट उघडला, तर चार नंबरचा आलेख खरंच उसळ्या मारत होता. अहो, मला इतका आनंद झाला की मी त्या रुईच्या धुरळ्यात टाळ्या वाजवल्या. बेअरिंग खोललं तर आत दोन गोळ्या फुटलेल्या. चाचांनी त्या रुमालात बांधून घेतल्या आणि दिवसभर येईल त्याला दाखवत फिरले, "मी बी सांगतलं आन् पोरीच्या डबीनं बी सांगतलं."

असे आठवड्याभरात आठ जिनला आठ सेन्सर लागले. टॅबलेटवर बारा चौकोन होते. आठ हिरवे, आणि बंद पडलेल्या चार मशीनचे राखाडी. सात नंबर त्या राखाडीतलीच. तिचे रोलर, पट्टा, सगळं काढून दुसऱ्या मशीनला वापरलेलं होतं, उरला होता नुसता सांगाडा. तिच्या नावाचा सेन्सर मी आणला होता, पण लावला नव्हता. तो माझ्या पेटीत होता आणि त्याचा सेल वेगळ्या पाकिटात.

आता त्या जिनिंगची एक रीत सांगते. मोटर सुरू करण्याआधी मिस्त्री पान्ह्याने लोखंडी खांबावर एक ठोका द्यायचा. कुणाचा हात मशीनमध्ये असेल तर त्याने आपल्या मशीनवर तीन ठोके द्यायचे – थांब, मी आत आहे. तीन ठोके आले नाहीत तरच बटन. आवाजाने कान गेलेल्या माणसांना हाक ऐकू जात नाही, पण लोखंडावरचा ठोका हाताला, पायाला लागतो.

आणि मी शहाणीने ती रीत बंद केली.

शुक्रवार होता. मोटरचा स्टार्टर मी टॅबलेटला जोडला होता आणि दुपारी पहिल्यांदा केबिनमधून मोटर सुरू करून दाखवायची होती. साडेबाराला सगळ्या कामगारांना गोळा करून मी ऐटीत सांगितलं, की आजपासून ठोकाठोकी बंद. चौकोन पाहून मशीन शांत आहे की नाही ते मला केबिनमध्ये बसल्या बसल्या कळतं. एक बाई पदर सावरत म्हणाली, "हे त उंटावरून शेळ्या हाकनं झालं." सगळे हसले, मीही हसले. गफूरचाचा त्यात नव्हते. ते जुम्म्याच्या नमाजला रोहिणखेडला गेले होते. आल्यावर त्यांना सांगायचं हे माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

दोन वाजता केबिनमध्ये मी आणि वसंतभाऊ. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, कामगारही अजून तिकडेच. टॅबलेटवर आठही चौकोन हिरवे, थरथर शून्य. मी म्हटलं, "भाऊ, बघा हं." आणि बोट बटनावर नेलं. खरं सांगते, छाती आनंदाने धडधडत होती. एवढं जुनं यंत्र माझ्या एका बोटावर चालू होणार होतं...

तेवढ्यात सात नंबरचा राखाडी चौकोन पेटला.

हिरवा झाला आणि त्याच्या सरळ रेषेवर एक उसळी आली. मग दुसरी. मग तिसरी. तिन्हींमध्ये सारखं अंतर. नंतर रेषा परत सपाट, चौकोन परत राखाडी. वसंतभाऊंनीही पाहिलं. "हे काय होय?" म्हणाले.

तुम्हाला वाटेल मला घाम फुटला असेल. छे. मला भूत नाही दिसलं, मला बग दिसला. राग आला हो, ऐन वेळी सिस्टीमने तोंडघशी पाडलं म्हणून. भाऊ म्हणत होते, "दाबा ना बाई, गाड्या उभ्या आहेत." पण माझा स्वभाव असा की खटकलेलं तसंच ठेवून मला पुढे जाता येत नाही. "एक मिनिट," म्हणून मी टॅबलेट तिथेच टाकला आणि हॉलमध्ये गेले. पेटी उघडली. सेन्सर जागेवर, सेल पाकिटात. सात नंबरपाशी गेले. कुणी नाही. सांगाड्यावर धूळ, तिच्यावर बोटाचाही ठसा नाही.

परत फिरताना नऊ नंबरच्या मागे दोन पाय दिसले.

गफूरचाचा. मागच्या दाराने आले होते. नऊ नंबरच्या रोलरला प्लास्टिकची सुतळी गुंडाळली गेली होती, ती काढायला बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत दोन रोलरच्या मध्ये, डाव्या हातात टॉर्च. त्यांच्या हिशेबाने त्यांनी स्वतः ठोका दिल्याशिवाय मोटर सुरू होणारच नव्हती. रीत पडल्यापासून कधी झाली नव्हती. आणि नऊ नंबर शांत होती, म्हणून माझ्या टॅबलेटवर हिरवी होती.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच फतकल मारून खाली बसले. त्यांनी हात बाहेर काढला, सुतळीचा गुंता माझ्यापुढे धरला. "काय झालं बेटा? चेहरा काऊन उतरला तुहा?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सगळं सांगितलं. मोटर, टॅबलेट, बंद केलेली रीत, सगळं. रडतही होते. चाचांनी ऐकून घेतलं. स्वतःच्या हाताची बोटं मिटली, उघडली, परत मिटली.

"ठोका देल्याबिगर मोटर? कोनं सांगतलं असं?"

"मीच."

"बेटा, तुह्या डबीले मशीन दिसते. मानूस दिसते काय?"

मान खाली घातली. मग म्हटलं, "चाचा, तुम्ही सात नंबरवर ठोकलं का? तीन वेळा?"

"मी कसा ठोकीन? एक हात आत, एका हातात टॉर्च. आन् सात नंबर अथीसा हाताशी हाय का?"

"मग कुणी ठोकलं? सात नंबरवर तीन ठोके आले. म्हणून मी थांबले."

चाचांनी हातातला टॉर्च बाजूला ठेवला. मग हळूच विचारलं, "दुसरा ठोका दबका होता काय?"

मला प्रश्नच कळला नाही. मी केबिनमध्ये पळत गेले. भाऊ कुठल्याशा गाडीवाल्याशी बोलायला बाहेर गेले होते, टॅबलेट टेबलावर तसाच. सात नंबरचा आलेख मोठा करून पाहिला. तीन उसळ्या. पहिली आणि तिसरी सारख्या उंच. मधली त्यांच्या निम्मी.

अंगावर सर्रकन काटा आला तो तेव्हा. आत्ता लिहितानाही येतोय, बघा.

मी टॅबलेट नेऊन चाचांना दाखवला. त्यांना आलेख वाचता येत नाही, पण तीन उसळ्या मोजता येतात. मधलीवर त्यांनी तर्जनी ठेवली. "नामदेव होय," म्हणाले. अगदी एखादा ओळखीचा माणूस रस्त्यात दिसावा तसं.

नामदेवभाऊ सात नंबरवर काम करायचे. चाचांचे जोडीदार, एका ताटात जेवणारे. फार पूर्वी, चाचा नवखे असताना, न सांगता मोटर सुरू झाली आणि सात नंबरमध्ये नामदेवभाऊंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ठोक्याची रीत तेव्हा त्यांनीच पाडली. बोटं नसल्यामुळे पहिल्या ठोक्यानंतर पान्हा त्यांच्या मुठीत फिरायचा, म्हणून दुसरा ठोका कायम दबका पडायचा. तिसऱ्याला ते पकड सावरून घ्यायचे. मी तिथे पहिल्यांदा पाय ठेवला त्याच्या दोन वर्षं आधीच ते घरी, झोपेत गेले होते. मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"घाबरू नको," चाचा म्हणाले. "जिता होता तं रोज शिव्या घाले मले, हात घालतो म्हनून. त्याची आदत जाईन काय?" आणि हसले. मग तोंड फिरवून दस्तीने डोळे पुसले.

आता तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, कारण ते मीच स्वतःला विचारले. दुसऱ्या सेन्सरचा सिग्नल सात नंबरच्या नावावर गेला असेल? नाही, त्या क्षणी आठही शून्यावर होते. जुना डेटा परत आला असेल? तो सेन्सर आयुष्यात कधी चालूच झाला नव्हता, त्याला जुना डेटा कुठला. कुणी मस्करी केली? सेलशिवाय सेन्सरवर मस्करी कशी करतात ते मला शिकवा, मी फी देईन. पुण्याच्या ज्या लोकांकडून मी सेन्सर घेते त्यांना फाइल पाठवली. त्यांचा इंजिनिअर आधी हसला, मग तीन दिवसांनी त्याचा फोन आला. नोंद खरी आहे म्हणाला. आयडी सात नंबरच्याच सेन्सरचा, सिग्नलची ताकद हॉलमधून यावी तेवढी. बॅटरीच्या रकान्यात शून्य. "मॅडम, हे डेटाचं पॅकेट यायलाच नको होतं," एवढं म्हणून त्याने विषय बदलला.

त्याच संध्याकाळी मी प्रोग्राम बदलला. आता खांबावरही सेन्सर आहे. चाचांनी ठोका दिल्याशिवाय टॅबलेटवरचं बटन दाबलंच जात नाही, आणि कुठूनही तीन ठोके आले तर मोटरची लाइनच तुटते. त्यानंतर जिथे जिथे काम केलं, अगदी संग्रामपूरच्या तेलघाणीवरसुद्धा, तिथे मी आधी माणसांची रीत विचारते आणि मग डब्या काढते. चाचा चिडवतात, "आता शिकली पोरगी."

भुतांवर विश्वास बसला का, असं मैत्रिणी विचारतात. नाही बाई. आजही नाही. मी आजही आईचं लिंबू पुढच्या चौकात टाकते. सात नंबरचा चौकोन त्यानंतर पुन्हा कधी पेटला नाही, आणि मला सापडलेलं उत्तर म्हणाल तर काहीच नाही. मला फक्त एवढं ठाऊक आहे की माझं बोट बटनापासून वीतभर नाही, पेरभर दूर होतं. मी ते दाबणारच होते, हसत हसत दाबणार होते. आणि तिकडे रोलरमध्ये चाचांचा हात होता.