वजनताई आणि वगळलेली मुलगी

माझी मावशी विद्यापीठात नोकरीला होती असं सांगितलं की लोक लगेच विचारायचे, "काय शिकवतात?" मावशी म्हणायची, "काही नाही हो. मी पोरं मोजते."

आणि खरंच ती पोरं मोजायची. आधी ती एका दवाखान्यात तान्ह्या बाळांची वजनं करायला होती. तिच्या हातात रडकं बाळही निवांत व्हायचं. मग विद्यापीठातल्या डॉक्टर मंडळींनी एक मोठा अभ्यास काढला. एका वर्षात आमच्या शहरात जन्मलेली शेकडो मुलं घ्यायची आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहायचं. कशी वाढतात, काय खातात, कधी आजारी पडतात, सगळं बघायचं. त्यासाठी घरोघरी जाणारी माणसं हवी होती, आणि मावशीची तिथे वर्णी लागली. खांद्याला एक जाड पिशवी, त्यात घडीचा वजनकाटा, उंचीची पट्टी आणि डोक्याचा घेर मोजायची फीत. आमच्या वस्तीत तिला नावानं कुणी ओळखत नसे. ती वजनताई.

मी शाळेतून सुटले की तिच्याकडेच असायची, कारण आई धुलाईच्या कारखान्यात पाळीवर जायची. त्यामुळे हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे. जे तिनं सांगायचं टाळलं, ते काकांनी सांगितलं. काका म्हणजे तिचे यजमान. ते बसच्या आगारात मेकॅनिक होते आणि दर रविवारी तिचा काटा ओट्यावर ठेवून तपासून द्यायचे. "सगळ्या गावाची पोरं तोलून झाली," ते म्हणायचे, "घरचा माणूस किती उतरलाय ते कधी बघणार?" मावशी म्हणायची, "तुम्ही काट्यावर चढलात तर उद्या मला नवा काटा मागावा लागेल."

अभ्यास सुरू झाला डॉक्टरांचा, पण विद्यापीठात ही बातमी पसरली तसे बाकीचेही आले. लग्नघरात एकाला बोलवावं आणि सात जणांनी पंगतीला बसावं तसं झालं. भाषेच्या विभागाला मुलांचे बोल हवे होते, अर्थशास्त्रवाल्यांना घरातली परिस्थिती. इतिहासवाल्यांना तर मुलांशी कर्तव्यच नव्हतं. त्यांना हव्या होत्या आज्या, त्यांच्या जुन्या आठवणी. आणि सगळ्यांना आमच्या वस्तीतली दारं उघडून द्यायला एकच बाई, आमची मावशी. तिची पिशवी फुगत गेली. ती कुरकुर करायची, पण हसून. "अर्थशास्त्रवाले विचारतात घरात खोल्या किती. भाषावाले विचारतात खोलीला काय म्हणता. आणि इतिहासवाले विचारतात ही खोली बांधायच्या आधी इथे काय होतं. घरातली आजी म्हणते, आधी बसा तरी!"

या सगळ्यांवर एक प्राध्यापक होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंच, कमी बोलणाऱ्या, कायम करड्या कोटात. त्यांनी नेमणुकीच्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं, "आपण बघायचं आणि मोजायचं. सल्ला द्यायचा नाही. काही खटकलं तर ऑफिसात कळवायचं, घरात नाही." मावशीला ते पटलं होतं. दवाखान्यात असताना येणारा-जाणारा प्रत्येकजण नव्या आयांना अक्कल शिकवतो हे तिनं पाहिलं होतं.

या मुलांत एक शिंप्याची मुलगी होती. घरात तिला ठकी म्हणत, कारण लाकडी बाहुलीसारखी एका जागी गप्प बसायची. घर म्हणजे पुढे दुकान, मागे स्वयंपाकाची खोली आणि मधे पडदा. बापाचं शिलाई मशीन दिवसभर चालू असायचं आणि ठकी त्याच्या लाकडी पायाला पाठ टेकून खाली बसलेली असायची. चौथं वर्ष लागलं तरी तिचे शब्द थोडे आणि बोबडे. आई म्हणायची, "हट्टी आहे." आजी म्हणायची, "आमचं घराणंच उशिरा बोलणारं. हिचा बाप पाच वर्षांचा होईपर्यंत नुसता मान हलवायचा. अजूनही काय मोठे दिवे लावतो!"

एकदा भाषेच्या विभागाची चित्रं घेऊन मावशी ठकीसमोर बसली होती. चेंडू, छत्री, कुत्रा, चप्पल. मावशी शब्द म्हणायची, ठकी बोट ठेवायची. सगळं बरोबर चाललं होतं. एक चित्र पिशवीत राहिलं म्हणून मावशी वळली आणि पिशवीत हात घालतानाच म्हणाली, "छत्री कुठाय गं?" काही नाही. पुन्हा म्हणाली. मागे बघितलं तर ठकी तिच्या पाठीकडे बघत बसली होती, पुढच्या खेळाची वाट पाहत. मावशीनं तोंड समोर करून तेच विचारलं आणि पोरीनं लगेच छत्रीवर बोट ठेवलं.

मावशीनं पुन्हा खात्री करून घेतली. तिनं तोंडावर पदरासारखं एक चित्र धरलं आणि विचारलं, "कुत्रा?" ठकीनं चित्र बाजूला करायला हात पुढे केला. तिला ओठ बघायचे होते.

नियमाप्रमाणे मावशीनं ऑफिसात कळवलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं नीट ऐकून घेतलं, पण म्हणाला, "ताई, कानांची तपासणी सगळ्या मुलांची सहाव्या वर्षी आहे. एकीला आधी पाठवलं तर तिची बाकीच्यांशी तुलनाच होणार नाही."

"पण दोन वर्षं आहेत अजून."

"मला कळतंय. मी बाईंच्या कानावर घालतो. त्या परगावी आहेत."

मावशी घरी आली आणि जेवली नाही. काकांनी दोनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "मला चुकीचं वाटत असेल का? मी काही डॉक्टर नाही."

"मग डॉक्टरला दाखव," काका म्हणाले. "चूक निघाली तर हसू होईल. हसू झाल्यानं कुणी मरत नाही."

सुट्टीच्या दिवशी ती पिशवी न घेता शिंप्याकडे गेली. पिशवीशिवाय तिला बघून ठकीची आई घाबरलीच. "ताई, काय झालं?"

"आज मी विद्यापीठाची नाही," मावशी म्हणाली. "शेजारीण म्हणून आलेय. मला वाटतं हिला ऐकू कमी येतं. माझ्याबरोबर चला, दाखवून येऊ."

आजी उसळली. "आमच्या पोरीला बहिरी म्हणतेस? एवढ्या वर्षांचं येणंजाणं आणि हे बोलतेस?" ठकीची आई मात्र उठली. चप्पल घातली, मुलीला कडेवर घेतलं आणि मशीनवर बसलेल्या नवऱ्याला नुसतं "येते" म्हणाली. मावशीला नंतर वाटायचं, त्या बाईला कधीचंच कळलं होतं. कुणीतरी मोठ्यानं म्हणायची ती वाट पाहत होती.

दोन्ही कान अधू निघाले. पूर्ण नाही, पण बरेच. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले, यंत्र लावलं तर बोलणं सुधारेल.

यंत्र लावून घरी आणलं तेव्हा मावशी सोबत होती. शिंप्यानं मशीन बंद ठेवलं होतं. पोरगी घाबरेल म्हणून. ठकी तिच्या नेहमीच्या जागी मशीनला पाठ लावून बसली आणि वर बघत राहिली. आई म्हणाली, "चालवा." त्यानं पायडलवर हळूच पाय दाबला. ठकी दचकली, कानावर हात गेले. मग हात काढले. वळून तिनं मशीनच्या लाकडाला कान लावला आणि बापाकडे बघून विचारलं, "हे बोलतं?"

"बोलतं," बाप म्हणाला आणि मान खाली घालून एका बाहीला शिवण घालत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत पुन्हा. सुईत दोरा नव्हता हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आजी पडद्यामागे गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिली.

मोठ्या बाई परत आल्या तेव्हा मावशी स्वतःहून त्यांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. बाई चिडल्या, पण आवाज न चढवता.

"तुम्ही चांगलं काम केलंत," त्या म्हणाल्या, "आणि माझं काम बिघडवलंत. उद्या प्रत्येकजण आपापल्या वाट्याच्या घरांत असा शिरला, तर आपण मुलं मोजत नाही, तुमचा चांगुलपणा मोजतो."

"खरं आहे बाई," मावशी म्हणाली. "पण जे मला कळलं ते कळलंच नाही असं दाखवून मी त्या घरात चहा कसा पिऊ?"

बाईंनी तिची पिशवी मागून घेतली. मग म्हणाल्या, "काही दिवस ऑफिसात बसा."

मावशी ऑफिसात बसली. तिच्या जागी एक हुशार, शिकलेली मुलगी घरोघर जाऊ लागली. बिचारीचा काही दोष नव्हता, पण वस्तीनं दारं लावून घेतली. कुठे पोर झोपलंय, कुठे मामाकडे गेलंय. एक आजी तर तोंडावर म्हणाली, "ताईंना पाठव, मग उठेल." अर्थशास्त्रवाल्यांना उत्तरं मिळेनात, इतिहासवाल्यांच्या आज्यांची स्मरणशक्ती एकाएकी गेली. तरुण डॉक्टर मधल्या काळात रोज बाईंकडे जाऊन बसत होता. काय बोलत होता ते कुणाला कळलं नाही.

शेवटी बाईंनी मावशीला बोलावलं. पिशवी टेबलावर ठेवलेली होती. "यापुढे कुणालाही काही खटकलं तर त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं आणि सांगितलं अशी नोंद करायची," बाई म्हणाल्या. "मी हे आधीच करायला हवं होतं. पण ती मुलगी अभ्यासातून वगळावी लागेल. ते मी बदलू शकत नाही."

मावशीनं पिशवी उचलली. "नका बदलू," म्हणाली. पुढे कुणी त्या बाईंना नावं ठेवली की मावशीला खपत नसे. "त्यांचं बरोबर होतं," ती म्हणायची. "माझंही होतं. असं असतं कधी कधी."

पण वगळलं म्हणजे काय हे चार-पाच वर्षांच्या पोरीला कोण समजावणार? शेजारच्या मुलांकडे वजनताई यायची तेव्हा ठकी चपला काढून, वेण्या सोडून दारात तयार उभी असायची. "माझं?" असं विचारायची. आता स्पष्ट विचारायची. मावशीनं काटा मांडला.

"लिहा ना," ठकी म्हणाली.

"लिहिते की. डोक्यात."

अशी ती दर खेपेला शिंप्याकडे थांबत राहिली. विद्यापीठाच्या लेखी ती मुलगी नव्हती. मावशीच्या लेखी ती होती, एवढंच. ठकीचं बोलणं सुधारलं, नंतर इतकं सुधारलं की आजी म्हणायची, "ताई, आता गप्प बसवायचं काही यंत्र मिळतं का बघा." शाळा बरी झाली, मोठी झाल्यावर बापाच्या मशीनवर ती बसली. तिला हळू बोलणं मात्र कधी जमलं नाही. गुपित सांगितलं तरी समोरच्या दुकानातला पानपट्ट्या लावणारा मान वर करायचा.

काका गेले. मावशी निवृत्त झाली. तिचे गुडघे धरू लागले, तेव्हा बाजारहाटाला, दवाखान्याला ठकीच तिच्याबरोबर जायची. मी तोवर दुसऱ्या शहरात होते. फोनवर मावशीपेक्षा ठकीचाच आवाज जास्त यायचा.

मग विद्यापीठानं त्या अभ्यासाची सांगता केली. मुलं मोठी होऊन संसाराला लागली होती. मोठा कार्यक्रम ठेवला, सगळ्या कुटुंबांना बोलावलं. मी मुद्दाम पंधरा दिवसांची सुट्टी काढून आले. ठकीला आमंत्रण नव्हतं, पण मावशीला जिना चढवायला कुणीतरी हवंच होतं.

सभागृह भरलेलं होतं. एकेका विभागानं आपलं सांगितलं. भाषेच्या विभागातले गृहस्थ म्हणाले, ज्या घरात आजी होती तिथल्या मुलांना रागावायचे शब्द जास्त येत होते, आणि सगळे हसले. इतिहासवाल्यांनी एका वारलेल्या आजीच्या आवाजातली जुन्या बाजाराची आठवण ऐकवली. तिचा नातू मागे बसला होता. तो उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळानं डोळे पुसून आत आला. मग पडद्यावर मुलांच्या वाढीच्या रेषा आल्या, शेकडो, एकमेकींत गुंतलेल्या. मावशी पुढे झुकून बघत राहिली. एका रेषेजवळ तिची नजर थांबली. ती रेषा मधेच सपाट झाली होती आणि मग झपाट्यानं वर गेली होती. कुणाची ते तिला कळलं असावं. मी विचारलं तर म्हणाली, "नाव सांगायचं नसतं."

तेवढ्यात ठकी मावशीच्या कानाशी वाकली आणि तिच्या मते कुजबुजली, "ह्यात मी नाही ना?"

सगळ्या सभागृहानं ऐकलं. मंचावर मोठ्या बाई होत्या, आता खूप म्हाताऱ्या, काठी टेकून उभ्या. त्यांनी प्रकाश चुकवत डोळ्यांवर हात धरून खाली बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुला मीच वगळलं होतं."

कार्यक्रम संपल्यावर त्या हळूहळू खाली आल्या आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या. मावशी उठायला लागली, त्यांनी हातानंच बसवलं. ठकीकडे बघून विचारलं, "काय करतेस आता?"

"शिवणकाम," ठकी म्हणाली. "बाई, तुमच्या कोटाचा उजवा खांदा उतरलाय. अस्तरही सुटलंय. आणा, करून देते."

मावशीनं तिची बाही ओढली. पण बाईंनी काठी माझ्या हातात दिली आणि तिथेच, सगळ्या लोकांत, कोट काढून ठकीला दिला. कोटाशिवाय त्या एकदम लहान दिसायला लागल्या. ठकीनं स्वतःची शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. विचारलंसुद्धा नाही.

आठवड्यानं त्या कोट न्यायला दुकानात आल्या. मावशी तिथे चहा पीत बसली होती. ठकीनं कोट घालून दाखवायला लावला आणि त्यांच्याभोवती फिरून बघितलं. "हात खाली सोडा. ताठ नका होऊ, नेहमी उभ्या राहता तशा राहा."

"अशी?"

"अशी. तुमचा उजवा खांदाच खाली आहे. घाबरू नका, बहुतेकांचा असतो." तिनं एक टाचणी लावली, काढली. "आता बसतोय."

बाई चहाला थांबल्या. नंतर दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या आधारानं कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. मी रात्री मावशीला विचारलं, एवढा वेळ काय बोलत होतात?

"गुडघ्यांचं," मावशी म्हणाली. "त्यांना कुणीतरी कसलंसं तेल सांगितलंय. मी म्हटलं, उपयोग नाही. पण चोळून घ्या, बरं वाटतं."