विकायला काढलेली बोडी

दोन हजार आठ साली जगाचं दिवाळं निघालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हे ऐकलं की शाळेतले माझे सहकारी अजूनही तोंड वाकडं करतात. किती लोकांच्या नोकऱ्या गेल्या, किती जणांची घरं गेली, आणि ही बाई खुशाल हसते! दुसऱ्याच्या दुःखावर हसू नये हे मलाही कळतं. पण त्या वर्षी आमची बोडी वाचली, आणि सुटकेचा श्वास काही परवानगी विचारून येत नाही.

बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना, बांध घातलेल्या भातखाचरांना, पाणी देणारं छोटं तळं. आमची बोडी गोंदियाला लागूनच, मुर्री गावाच्या पलीकडे. वर पाणी, खाली उतरत गेलेल्या बांध्या. कागदावर नावं चौघांची: आई, काका, दादा आणि मी. बाबा गेल्यावर ती चढली. पाणी मात्र आमच्या एकट्याचं कधीच नव्हतं. खालच्या सहा-सात घरांच्या बांध्या त्याच पाण्यावर पिकत. हे कुठेही लिहिलेलं नाही आणि कुणी कधी मोडलेलंही नाही.

त्या पावसाळ्यात एका बांधकाम कंपनीचा साहेब आला. पांढरी गाडी, पांढरे बूट. बांधावर चिखल आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. कंपनीचा पैसा म्हणे परदेशातून येणार होता. बोडी आणि भोवतालच्या आमच्या बांध्या घेऊन तिथे मोठी वसाहत उभी राहणार होती. त्याने रंगीत पुस्तिका उघडून दाखवली. त्यात निळंशार तळं, तळ्यात पांढरे हंस, आणि वर नाव 'लेक व्ह्यू'. मी विचारलं, हे तळं म्हणजे आमची बोडी का? तर नाही. बोडी बुजवून तिथे क्लब हाऊस होणार आणि क्लब हाऊससमोर सिमेंटचं तळं बांधणार. खरं तळं बुजवायचं, खोटं बांधायचं आणि त्याच्याकडे तोंड करून बसायचे पैसे घ्यायचे! माझं डोकं तिथेच फिरलं.

साहेब आईला समजावत होता, "माताजी, ये तो डेड एसेट है. पैसा पडा हुआ है यहाँ, कुछ काम ही नहीं कर रहा."

"काम काऊन नाही करून राहिली जी?" आई म्हणाली. "बाराही महिने करून राहिली. तुमाले दिसत नाही तं तिचा का दोष?"

पण विकायचं ठरलं. दादाने ठरवलं. दादा नागपुरात खाजगी नोकरीत, भाड्याच्या दोन खोल्यांत, दोन लेकरं. त्याचं खोटं नव्हतं. काकांचे गुडघे गेलेले, रोवणीला, भाताची रोपं लावायला, माणसं मिळेनात. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "तुले बोलाले का जाते? तुह्या शाळेचा पगार चालू आहे." मला चांगलंच झोंबलं, कारण पगार चालू होता. सही माझी हवी होती, मत नको होतं. करते म्हणाले सही. सख्ख्या भावाशी वाकडं घेऊन, भाचरं दारात यायची बंद करून, मी ती बोडी काय उशाला घेऊन झोपणार होते?

आई एवढंच म्हणाली, "पोरगा म्हणते तं विका." आणि दुसऱ्या दिवसापासून कामाशिवाय बांधावर जाऊन बसायला लागली. माझ्या आईला मी कामाशिवाय बसलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. मला तिच्याबद्दल भीती वाटायला लागली.

काकांनी एकच अट घातली. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान अजून उभा होता, त्याला अखेरचं पाणी लागणार होतं. आधी अखेरच्या बांधीला पाणी, मग मासे, मग सही. तोवर इसाराचा पैसाही घरात नको. साहेब हसला. म्हणाला, मच्छीचे पैसेही देऊन टाकू, घाई करा.

"मासोऱ्या विकाच्या नसतेत जी," काका म्हणाले. "वाटाच्या असतेत."

साहेबाला ते कळलं नाही. आमच्याकडे धान निघाला की बोडीचा बांध थोडा फोडून पाणी उतरवतात आणि मासे धरतात. जाळं टाकणाऱ्या ढिवरांचा वाटा आधी, मग बोडीवर पिकणाऱ्या प्रत्येक घराचा. मासे घेऊन घरी जाण्याआधी प्रत्येक घराने फोडलेल्या जागी एक टोपली माती टाकायची. त्याच संध्याकाळी बांध बुजतो, मधलं गुडघाभर पाणी आणि त्यातली पिल्लं पुढच्या सालासाठी राहतात. ज्याने माती टाकली नाही त्याने मासा खाऊ नये, एवढा साधा कायदा.

दिवाळी आली, गावोगावच्या मंडया, दिवाळीनंतरच्या जत्रा, झाल्या, आणि टीव्हीवर अमेरिकेतल्या बँका बुडतच होत्या. शिक्षकांच्या खोलीत रोज तीच चर्चा. जमेल तेवढं मीही समजून घेतलं. ज्यांना झेपत नव्हतं त्यांना घरासाठी कर्ज दिलं, ती कर्जं गठ्ठा बांधून दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने ते घर डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. ऐकताना मला आमची बोडीच आठवे. सही व्हायची होती, तरी नागपुरात तिथल्या प्लॉटांची नोंदणी सुरू झालेली, हे दादानेच सांगितलं होतं. म्हणजे त्यांच्या क्लब हाऊसात अजून मागूर मासा पोहत होता! हुशार माणसं, मोठमोठ्या पदव्या, आणि धंदा काय, तर हवेतले मनोरे. गावात असं कुणी केलं असतं तर चार माणसांनी त्याला पारावर बसवून विचारलं असतं. मोठ्या प्रमाणावर केलं की त्यालाच बाजार म्हणतात.

आमच्या शेजारच्याने घाईने सही करून दिली होती. त्याच्या बांध्यांवर मुरूम पडून सपाटही झाला होता. दिवाळीनंतर तिथलं मशीन निघून गेलं. ना धान, ना घर. आजही तिथे बाभळी आहेत.

साहेबाचे फोन आधी रोज यायचे, मग तुटक यायला लागले. धान निघाल्यावर एकदा आला: तारीख पक्की, बोडी पूर्ण रिकामी करून ठेवा, सहीच्या दुसऱ्या दिवशी मशीन येईल.

सहीच्या आदल्या दिवशी मासे धरले. पळसाच्या पानांवर वाटे पडले. दरवर्षी त्या दिवशी इतका आरडाओरडा असतो की रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. त्या दिवशी सगळे हळू बोलत होते. संध्याकाळी लोक सवयीने मातीची टोपली भरून बांधाशी आले आणि काकांकडे बघत उभे राहिले.

काका म्हणाले, "राहू द्या. उद्यापासून बोडी त्यायची आहे."

एकेकाने टोपली तिथेच उपडी केली आणि खाली मान घालून घरी गेला. पाणी वाहतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं सकाळीच रजिस्ट्री ऑफिसात. दादाने फोटो, कागद सगळं नीट लावून आणलेलं. काकांनी धुतलेलं धोतर नेसलेलं. साहेब नाही. फोन लावला तर बंद. नागपूरच्या ऑफिसला लावला, तर वाजून वाजून थांबला. दादा बाहेर जाऊन परत आत येत होता. आई बाकड्यावर बसून मध्येच म्हणायची, "पाणी जाऊन राहिलं." कुणाला उद्देशून नाही, आपलं असंच. मला तर ते पाणी ऐकू यायला लागलं होतं. कुणी काही बोलावं, उठावं असं फार वाटत होतं. कुणी उठलं नाही. शब्द दिलेला ना! ज्यांनी शब्द मोडला ते कुठे गारव्यात बसले असतील, आणि आम्ही त्यांच्या शब्दाला जागत होतो.

दुपार कलल्यावर कारकून म्हणाला, "तुमची पार्टी काही येत नाही आज. कंपनीचं ऑफिसच बंद झालं म्हणतात. सकाळपासून तुम्ही तिसरे."

आई उठून त्याच्या टेबलाशी गेली. "मंग आमची बोडी आमचीच ना जी?"

"तुमचीच आहे मावशी. अजून सही कुठे झाली?"

तिने माझा हात धरला तो इतका घट्ट, की बांगडी रुतली. रडते की हसते कळेना. मला मात्र हसू फुटलं, त्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, आणि थांबेना. छातीवरून मोठा दगड उतरला होता. दादा आपला कागद हातात घेऊन उभाच. त्याची दयाही येत होती, तरी हसू येत होतं.

"चाल," आई त्याला म्हणाली. "बांध बुजवाचा आहे."

ऑटोत बसल्यावर हसू ओसरलं आणि रागच आला. आम्हाला कुणी वाचवलं होतं? आमच्या शहाणपणाने तर नाही. सातासमुद्रापलीकडची कुठलीशी बँक बुडाली म्हणून. तीच पुढच्या पावसाळ्यात बुडाली असती तर माझी सही त्या कागदावर असती आणि बोडीत मुरूम. विकत घ्यायलाही ते आले आणि सोडूनही तेच गेले, आम्ही नुसते बाकड्यावर बसून होतो. हा राग अजून माझ्यात आहे, आणि तो असलेला बरा.

बांधावर पोचलो तर खालच्या घरांची माणसं आधीच उभी होती. शहरातली बातमी मुर्रीकडे यायला काय वेळ लागतो? काकांनी नुसती मान हलवली आणि टोपल्या सुरू झाल्या. दादाने इस्त्रीची पँट दुमडली, न दुमडल्यासारखीच, आणि फोडीत उतरून माती पायांनी दाबायला लागला. धार बारीक झाली, मग नुसती पाझरली, मग थांबली.

आई मधल्या पाण्यात उतरली होती. होतं घोटाभरच. वाकून, हात घालून बघत होती.

"आहेत!" ती ओरडली. "अरे, पिल्लं आहेत!"

दादा चिखलाने माखलेला, बांधावर मटकन बसला. मग म्हणाला, "आई, येत्या रोवणीले सुट्टी काढतो मी."

"काढ," आई म्हणाली. "पण ते पँट घालून येऊ नको."