खिंडीच्या वाटेवरच्या सिस्टर

सिस्टरांना गोड बोलणं जमत नसे. उभी हयात सरकारी दवाखान्यात काढून त्या निवृत्त झाल्या, नांदेडला आमच्या गल्लीत राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत लोक त्यांना टाळायला लागले. समोरच्या काकूंनी आजारी सासूबद्दल विचारलं, "बऱ्या होतील ना हो?" सिस्टर म्हणाल्या, "न्हाई होणार. लेकींना बोलावून घ्या." काकू रडल्या, चिडल्या. पण लेकी आल्या आणि म्हातारी त्यांच्याशी बोलून गेली.

बोलता बोलता समोरच्याचं मनगट हातात घ्यायची त्यांची सवय होती. मूळच्या उदगीरकडच्या, एकट्या, उंच. सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. आमच्या रविवारच्या चालणाऱ्या टोळीत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "बसून राहिलं की हाडं कुरकुरतात," म्हणाल्या आणि चालायला लागल्या. टोळीचा म्होरक्या माझा थोरला भाऊ, दादा. अर्धापूरला शिक्षक होता. त्याला साखरेचा आजार होता, पण घरात तो विषय काढायचा नाही असा त्याचा दंडक. सिस्टर भर रस्त्यात विचारत, "सर, गोळी घेतली का?" दादा चिडायचा. पण एखाद्या रविवारी त्या आल्या नाहीत तर सगळ्यांत आधी त्यालाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

एका फाल्गुनात आम्ही इस्लापूरच्या पुढे एका दरीतून वर खिंडीपर्यंत जायचं ठरवलं. दरी मुकी होती. साग झडलेला, सावली नावालाही नाही, पायाखाली पाचोळा वाजायचा तेवढाच आवाज. ओढा डबक्यांपुरता उरला होता. बाकीचे पुढे गेले होते; आम्ही तिघं तिथे दम घ्यायला थांबलो, तेव्हा सिस्टरांनी दादाचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

"सर, तुम्ही इथंच बसा. मी बी बसते."

"कशाला? खिंड काय, इथून दिसून राहिली."

"घाम बघा तुमचा. गार हाय. माघारी चला."

"तुमचा दवाखाना नांदेडात ठेवून येत जा, सिस्टर," दादा म्हणाला आणि हात सोडवून घेतला. मीही त्याला परोपरीनं सांगितलं. तो तसाच पुढे निघाला.

शेवटचा चढ उभा, मुरमाचा. पाय घसरत होते. सिस्टर त्याच्या मागोमाग, सावरायला हात पुढे करून चढत होत्या. खिंडीच्या जरा खाली दादा एका दगडावर टेकला. "जरा बसतो," म्हणाला आणि कलंडला.

फोनला रेंज नव्हती. पुढे गेलेले माघारी धावत आले, त्यांतले दोघे खालच्या तांड्याकडे पळाले. सिस्टर मुरमात गुडघे टेकून त्याची छाती दाबत राहिल्या. हात थकले की मला दाबायला लावायच्या, मग पुन्हा स्वतः. तांड्यावरची माणसं बाज घेऊन वर आली, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

"ताई, सर गेलेत. मघाशीच गेलेत. मला सोडवत नव्हतं."

बाजेवर दादाला घेऊन आम्ही तीच दरी उतरलो. सिस्टर बाजेला हात लावून शेवटपर्यंत चालत होत्या.

घरी वहिनीनं आधी त्यांनाच गाठलं. "तुम्ही जवळ होतात ना? काय म्हणाले हो ते?"

आता ही बाई सगळं जसंच्या तसं सांगणार.

सिस्टर म्हणाल्या, "माघारी जाऊ म्हणत होते. घरी जायचं म्हणत होते. मीच म्हणलं, जवळ आली खिंड, चला."

वहिनीनं दाराकडे बोट केलं. मग म्हणाली, "निघा माझ्या घरातून."

त्या निघाल्या. गल्लीत बोललं जाऊ लागलं, नर्स असून हिला एवढं कळू नये? टोळी मोडली. मी एकदा त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, का बोललात असं?

त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "तिला कुणावर तरी राग धरावाच लागणार, ताई. सरांवर धरला तर जन्मभर त्यांच्याशीच भांडत बसंल. मेलेला माणूस उत्तर देत न्हाई. माझ्यावर धरू द्या. मी जिती हाय, मला पेलतंय."

"पण लोक काय बोलतात ते ऐकलंत का?"

"लोक तसे बी येत नव्हते माझ्याकडं." मग तवा उतरवून त्यांनी माझं मनगट धरलं. "तुम्ही सांगायचं न्हाई. मी असले तरी न्हाई, नसले तरी न्हाई."

पुढे गुडघे धरले तशा त्या लातूरला भाचीकडे गेल्या. मी अधूनमधून जात असे. दादाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. गेल्या हिवाळ्यात भाचीचा फोन आला की सिस्टर गेल्या.

वहिनी वाटाणे सोलत बसली होती. मी तिला सांगितलं.

"गेली का," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हे निघाले होते गं माघारी. मी एकटी हाय घरी, हेच आलं असंल त्यांच्या मनात."

"हो," मी म्हटलं आणि तिच्यासमोर बसून वाटाणे सोलायला घेतले.