कारल्याच्या नळीवरचं नाव

माझ्या हातात ताट होतं. ताटात पाच शाली, पाच नारळ. आणि समोरच्या पडद्यावर माझाच हात होता.

कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. प्राध्यापक व कर्मचारी गुणगौरव. वर्षभरात कोण पीएच.डी. झालं, कुणी परदेशात पेपर वाचला, कुणाला पेटंट मिळालं, त्यांचा सत्कार. मी रिटायर होऊन दीड वर्ष झालेलं. तरी ऑफिसातून फोन आला, "मामा, ताट धरायला माणूस नाही, या जरा." गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

पडद्यावर काचेची एक नळी. अंगभर फुगवटे, कारल्यासारखे. नळी धरलेला हात मनगटापर्यंतच. अंगठ्यावर भाजल्याचा पांढरा डाग. वरचा माणूस कापून टाकलेला. खाली केमिस्ट्रीच्या सरांचं नाव. पेटंट त्यांचं.

पाहुणे कुठल्याशा कंपनीचे मोठे साहेब होते. त्यांनी विचारलं, "वा! ही काच फुंकली कुणी?"

सर माइकवरच हसले. "अहो, ते आमचे मामा करतात. डोकं आपलं, फुंक त्यांची."

हॉल हसला. मीपण हसलो. ते माझं हसणं मला अजून टोचतं.

मग सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मामा, ताट सरळ धरा. नारळ घरंगळतायत."

मी ताट सरळ धरलं. प्रिन्सिपल मॅडमनी त्यातली शाल उचलली आणि सरांच्या खांद्यावर घातली.

मी चौथी पास. पुढं शाळा नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका काचेच्या कारखान्यात लागलो, तिथं फुंकायला शिकलो. काच शिकवते. घाई केली की तडकते, भ्यालं की वाकडी होते. कारखाना बंद पडला, तसा उल्हासनगरच्या या कॉलेजात शिपाई म्हणून चिकटलो. लॅबमध्ये फुटलेल्या नळ्या भंगारात जायच्या. मी त्या जोडायला लागलो. मागच्या खोलीत गॅसचा बर्नर मांडला. तेव्हापासून लॅबमध्ये फुटलेलं सगळं माझ्याकडं.

आमच्याकडं आठवड्यातून एक दिवस पाणी बंद. हे इथं सगळ्यांना पाठ आहे. वाफ गार करून तिचे थेंब पाडायचे तर नळीभोवती सारखं पाणी खेळतं लागतं. नळ कोरडा की प्रॅक्टिकल बंद. पोरं घरी. मला ते बघवत नव्हतं. माझ्या घरी माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. मनात आलं, नळीला का नको?

साधी नळी घेतली, ओली पट्टी गुंडाळली. पट्टी घसरून खाली. मग नळीला एकेका जागी तापवून फुंकर मारली, फुगवटे काढले. तरी घसरली. शेवटी फुगवटे वेलासारखे चढवले, गोल गोल फिरवत वर. पट्टी त्यांच्या मधल्या घळीत बसली ती हललीच नाही. वर एक ओला बोळा ठेवला. दिवसभर वाफेचे थेंब पडत राहिले. सर बघायला आले, दोनदा चष्मा पुसला. म्हणाले, "मामा, हे काय कारलं काढलंत?" नाव तेच पडलं. सरांनी मोबाइल काढला. "धरा, फोटो घेतो." मी धरलं.

तोच फोटो.

सरांनी काही केलं नाही असं मी म्हणत नाही. किती गार होतं, का होतं, ते त्यांनी मापलं, इंग्रजीत लिहिलं. ते मला आलं नसतं. पण मग दोन नावं लिहायची होती. कार्यक्रमात वाटलेल्या गुणगौरवाच्या पुस्तकात शेवटी बारीक अक्षरात आभार होते. सरांच्या बायकोचे, मुलीचे, मॅडमचे. आणि सगळ्यात खाली, 'लॅबमधील मामा'.

गावाकडं माझ्या बापाला कुणी नावानं हाक मारली नाही. 'ए' म्हणायचे, नाहीतर जातीवरून. बापानं धम्म स्वीकारला, गावकीची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आणि 'ए' म्हणणाऱ्याला ओ द्यायचंही सोडलं. मार खाल्ला, पण ओ दिली नाही. आणि मी त्याचा पोरगा, कॉलेजात तीस वर्षं 'मामा' म्हटलं की धावत होतो. मामा गोड शब्द आहे. म्हणून तर इतकी वर्षं कळलं नाही. 'ए'चा राग येतो, 'मामा'चा येत नाही.

त्या दिवशी बुवापाड्यात घरी आलो. बायकोनं पुस्तक हातात घेतलं. तिला वाचता येत नाही. आतल्या त्याच फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हा अंगठा तुमचा."

"हो."

"मग तोंड कुठंय?"

मी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. ती म्हणाली, "नारळ धरून आलात. एखादा फोडून तरी यायचा!"

महिन्याभरानं सर स्वतः रिक्षा करून दारात आले. कधी आले नव्हते. घाम फुटलेला. कॉलेज तपासायला बाहेरची कमिटी येणार, त्यांना कारलं चालवून दाखवायचं. आणि माझी नळी फुटलेली. सरांनी जन्मात पहिल्यांदा नळी स्वतः धुतली. तापलेली होती, तशीच गार पाण्याखाली धरली. मग चित्र देऊन मोठ्या कारखान्यातून सहा नव्या करून आणल्या. एकीवरही पट्टी टिकेना. नुसती वाफ सुटते.

त्यांनी सोबत आणलेल्यातली एक नळी मी हातात घेतली. फुगवटे सरळ रांगेत, परेडला उभे केल्यासारखे. चित्र फोटोवरून काढलेलं. फोटोत एकच बाजू. दुसरी बाजू माझ्या तळहातात होती.

काय चुकलं ते तिथंच सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. सवय.

सर म्हणाले, "मामा, दोन नळ्या फुंकून द्या. पुढच्या वर्षी तुमचाही सत्कार करू. शाल देऊ."

मी विचारलं, "सर, माझं नाव काय?"

"म्हणजे?"

"नाव. माझं."

सर हसले. मग हसायचे थांबले. वर पंख्याकडं बघितलं, माझ्या बायकोकडं बघितलं. बायकोनं मान फिरवली. बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता.

"मामा, असं काय करता? आपण घरचे आहोत."

"घरच्या माणसाचं नाव माहीत असतं, सर."

मग मी सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. म्हटलं, हे कागदावर पाहिजे. पेटंटवर, पुस्तकात, तुमच्या नावाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात. मग फुंकीन.

"पेटंटचं इतकं सोपं नसतं, मामा. प्रोसेस असते."

"नळीलापण प्रोसेस असते, सर."

ते गेले. सहा नळ्या तशाच घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. दीड पान. चौथीचं अक्षर, वेडंवाकडं, पण माझं. नळी कशी सुचली, कशी केली, फोटो कुणी काढला, सगळं. कॉलेजच्या खिडकीवर नेला. आतला क्लार्क म्हणाला, "ठेवा मामा, देतो मॅडमना."

"पोच दे."

"अहो मामा, पोच कशाला आपल्या आपल्यात?"

"पोच दे. नावानं."

मागं पोरांची रांग वाढली. मी खिडकी सोडली नाही. शेवटी त्यानं अर्ज उलटवला, सही शोधली, आणि लिहिता लिहिता माझं नाव मोठ्यानं वाचलं. त्या इमारतीत माझं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. शिक्का मारला.

नाव मी इथं लिहीत नाही. ते आधी त्यांच्या पुस्तकात येऊ दे.

उत्तर आलेलं नाही. दुसरा अर्ज दिला, त्याचंही नाही. कमिटी येऊन गेली. काय दाखवलं माहीत नाही, मी विचारलं नाही. ऑफिसातून दोनदा फोन आला. "मामा" म्हणाले. मी फोन ठेवला.

तिसऱ्यांदा अर्ज घेऊन परवा जाणार आहे. मग विद्यापीठात जाईन. हात अजून थरथरत नाही, छातीत फुंक आहे. घरी बर्नर मांडलाय. एक कारलं करून ठेवलंय, वेलासारखं, आणि त्याच्या बुडाशी कानशीनं माझं नाव कोरलंय. ते बघायला कुणीही यावं. न्यायचं असेल त्यानं आधी नावानं हाक मारावी.

'मामा' म्हणून मारलेल्या हाकेला आता या घरातून ओ जाणार नाही.