नवसाचा पाळक

आमच्या घरात देवानं कोणाला बोलावलं, हे देवाच्या आधी मायनं ठरवून टाकलं होतं.

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना टायफॉईडनं हातचा जायला आला. तेव्हा माय हिंगणघाटच्या आमच्या चर्चमध्ये गुडघे टेकून म्हणाली, "प्रभू, याले वाचव. मी याले तुह्या सेवेले देईन." पोट्टा वाचला. पण माय आंजीची, भाजीपाला पिकवणाऱ्या हिंदू घरातली. लग्नानंतर तिनं बाप्तिस्मा घेतला, तरी नवस तिच्या अंगातून गेला नाही. तिनं भावाच्या डोक्यावर नवसाची शेंडी ठेवली. ख्रिस्ती पोराच्या डोक्यावर शेंडी! पाळकसाहेबांनी समजावलं, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असलेले बाबा चिडले, वर्गातली पोट्टी हसली. ती कोणाला बधली नाही.

"पाळक व्हायले जाईल त्या दिवशी कापीन. नाईतं देव दिलेलं वापस घेते," म्हणायची. आणि खरंच घाबरायची. भावाला साधी शिंक आली तरी तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

तो बारावी झाला त्या उन्हाळ्यात पाळकसाहेब बायबल स्कूलचे दोन साहेब घेऊन घरी आले. पोराचं पाचारण खरं आहे का, देवानं त्याला खरंच बोलावलंय का, हे ते प्रवेशाआधी घरी येऊन विचारत. मायनं आलूपोहे केले, पेटीतली चादर काढली. नवरदेव बघायला यावं तसा थाट! भाऊ तेवढा घरात नव्हता.

तो दारातून आला आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. शेंडी नव्हती. न्हाव्याकडे जाऊन सफाचट करून आला होता. मायनं खुंटीवरचा दुपट्टा ओढला आणि पाहुण्यांदेखत त्याच्या डोक्यावर टाकला.

दोघांतल्या म्हाताऱ्या साहेबांनी विचारलं, "बेटा, देवानं तुला केव्हा बोलावलं?"

दुपट्ट्याखालून भाऊ म्हणाला, "मले देवानं नाई बोलावलं, साहेब. मायच पाठवून राह्यली."

अगा बाप्पा! चौदा वर्षं घरात ज्याबद्दल कोणी शंका घेतली नव्हती, ते या पोरानं दोन वाक्यांत निकालात काढलं. त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला, आणि त्याच्या पाया पडावं असंही वाटलं. एवढं खरं बोलायची हिंमत माझ्यात नव्हती.

कारण मी तीन वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून होते. आंजीला मामाच्या वाडीत वांगी तोडताना मला एकदम कळलं होतं की देव मला बोलावतोय. ना आवाज, ना उजेड. कळलं, बस. मी सांगितलं नाही. घरातली देवाच्या माणसाची जागा आधीच भरली होती ना!

मायचा चेहरा पांढराफटक पडला. ती साहेबांपुढं हात जोडून म्हणाली, "मंग हिले न्या, साहेब. हिले न्या, पण माह्या लेकाले..." हिले म्हणजे मला. बकरा नाही तर कोंबडी चालेल का, असं देवाला विचारावं तसं.

माझं डोकंच सणकलं. "मी कोणाच्या बदल्यात जाणार नाई!" मी ओरडले. "मले देवानं कधीचंच बोलावलं. तीन वर्ष झाले. कोणी विचारलं मले? एकानं तरी?"

बाबांनी चष्मा काढला. मी दर रविवारी ज्यांच्या संडे स्कूलमध्ये पोरांना शिकवत होते ते पाळकसाहेब माझ्याकडं नुसते बघत राहिले. म्हातारे साहेब उठून म्हणाले, "बेटी, बस. आता तू सांग." पण मला त्यांचं काही नको होतं. मायनं एकदा म्हणावं, माह्या पोरीले देवानं बोलावलं, एवढंच मला पाहिजे होतं.

माय माझ्याजवळ आली. तिनं माझे दोन्ही हात धरले. भर उन्हाळ्यात तिचे हात थंडगार होते.

"म्हणजे पोट्टा वाचला ना वं?" तिनं विचारलं.

मला तिचा राग आला होता आणि तिच्या डोळ्यांत चौदा वर्षांचं भेव होतं. देव असा नसतो, हे तिला तेव्हा कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. तिला सोडून, पाळक धरून आम्ही सहा जण घरात होतो. कोणी बोललं नाही.

"हाव माय," मीच म्हटलं. "तो कधीचाच वाचला. देव वापस मागत नाई."

ती मटकन खाली बसली, भावाला जवळ ओढून ढसढसा रडली. जूनमध्ये बायबल स्कूलला मी गेले. देवानं मला केव्हा, कसं बोलावलं, हे मायनं त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही कधी नाही.